डाव्या हाताचा नग

माजरी, दि. १४ जुलै २०२४

चि. राजदीप यास,
आईचे अनेक आशीर्वाद. जय भीम.

तू पाठवलेलं पार्सल मंगळवारी, २ तारखेला मिळालं. आत आलेल्या वस्तू अशा:

उभा माउस, एक नग, रु. २,३९९
मनगटाखाली ठेवायची मऊ गादी, एक नग, रु. ३४९
पायानं दाबायचं बटन, वायरसह, एक नग, रु. १,१५०
एकूण रु. ३,८९८
चिठ्ठी नाही.

चिठ्ठी शोधली. खोक्याच्या आतल्या घडीतसुद्धा हात घालून पाहिला. फोन तू बहिणीचा, खुशबूचा उचलतोस, माझा उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पावसात भामरागडचा रस्ता बंद होतो हे मला माहीत आहे. उघडेल तेव्हा मिळेल.

खुशबूनं तुला हाताचं सांगितलं असणारच, त्याशिवाय तू हे पाठवलं नसतंस. चंद्रपूरच्या मोजणी ऑफिसात नकाशे काढायला लागून तिला पाच वर्षं झाली. सकाळच्या पॅसेंजरनं जाते आणि दिवसाचे नऊ-दहा तास कॉम्प्युटरवर रेघा मारते. जानेवारीपासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणक लागते. मुंग्या येतात. मी मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल कोमट करून रोज चोळते. होळीच्या सुमारास चहाचा कप हातातून सुटला, तेव्हा मला वाटलं तिचं लक्ष नव्हतं. रागावलेसुद्धा. मग दुसऱ्यांदा सुटला.

उभा माउस म्हणजे काय ते खोकं उघडल्यावर कळलं. साधा माउस पालथ्या तळव्याखाली असतो. याचं तसं नाही. वंदनेला आपण हात जोडतो, त्यातला एक हात सुटा काढून टेबलावर ठेवला तर जसा उभा राहील, तसा याच्यावर राहतो. मनगटाला पीळ पडत नाही. वस्तू चांगली आहे.

पायाचं बटनही लागू पडलं. एक रेघ संपली की कॉम्प्युटरला संपली म्हणून सांगावं लागतं, ते आता ती पायानं सांगते. तुझे बाबा म्हणाले, "शिलाई मशीन आणली का वो? आता नकाशे शिवते वाटते पोरगी." खाणीतून रिटायर झाल्यापासून त्यांना असंच सुचतं.

एक कळवायचं राहिलं. दुकानदारानं माउस चुकीचा पाठवला होता. डाव्या हाताचा. खुशबूनं हात ठेवून पाहिला, बसला नाही. बिलावरही डावाच छापलेला होता. तुझ्याकडे रेंज नसते, घाईत बोट भलतीकडे लागलं असेल. मी खुशबूला त्याच दिवशी तिच्या फोनवर बदली मागायला लावली. १० तारखेला माणूस उजवा देऊन गेला आणि डावा घेऊन गेला. बदलीला एक पैसा पडला नाही.

वर्षावास सुरू होतो आहे. बाबासाहेबांच्या पुस्तकाचं वाचन या वर्षी माझ्याकडे दिलं आहे, रोज संध्याकाळी विहारात अर्धा तास. डोळे अजून चांगले आहेत.

तुझी तब्येत सांभाळ. घरी आशीर्वाद सांग.

तुझी आई,
ठमाबाई


माजरी, दि. २५ ऑगस्ट २०२४

चि. राजदीप यास,
अनेक आशीर्वाद.

माझ्या पत्राचं उत्तर नाही. पर्लकोटा नदी पुलावरून वाहते आहे असं पेपरात होतं, म्हणून मी राग धरला नाही.

उजव्या उभ्या माउसनं पहिले पंधरा दिवस बरं वाटलं. मग परत तेच. आता आम्ही चंद्रपूरला नाहीदबाईंकडे जातो, आठवड्याला दोनदा. त्या हाताचे व्यायाम शिकवतात. माझ्या टोळीच्या तेलाला हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, तेल लावा, मना नाही. पण जोरानं चोळू नका, आत सूज आहे." मी सहा महिने जोर लावून चोळत होते.

त्यांच्या कपाटात अशा वस्तूंचा एक डबाच आहे. विकत घ्यायच्या आधी एकेक लावून पाहायची, ही पद्धत मला आवडली. आपण बांगड्या तरी हातात चढवल्याशिवाय कुठे घेतो. एक निघाला गोळ्याचा. माउस जागचा हलत नाही, वर लिंबाएवढा गोळा बसवलेला, तोच फिरवायचा. तुझे बाबा सोबत होते, त्यांनी तो बोटानं गरगर फिरवला. "हे तं कंचे खेळल्यासारखं हाय. हरली तं गोळा परत द्या लागते का?" नाहीदबाई खूप हसल्या. त्यातला एक अंगठ्यानं फिरवायचा होता, तो लगेच बाजूला ठेवला, कारण दुखणं अंगठ्यातच आहे. मोठा गोळा बोटांनी फिरवायचा, तो बरा वाटला. पण खुशबूला नकाशा सरकवताना चाक दाबून धरावं लागतं, दिवसातून हजार वेळा, ते त्याच्यावर जमेना. मग पाटी आणि पेन. पेनानं पाटीवर लिहिलं की रेघ पडद्यावर उठते. तेच सगळ्यात चांगलं, असं मला वाटलं. पण पेन धरायला चिमूट लागते, आणि चिमूट आता धरतच नाही तिची. पेन दोनदा खाली पडलं. तिसऱ्यांदा तिनं उचललं नाही.

सगळं पाहून झाल्यावर नाहीदबाई म्हणाल्या, "कोणताही घ्या, या हाताला काम कमी झालं पाहिजे. माउस दुसऱ्या हाताकडे द्यावा लागेल. खुशबू, लहानपणी कोणता हात पुढे यायचा तुझा? ज्यांचा डावा पुढे यायचा त्यांना बदल सोपा जातो."

खुशबूनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "उजवाच, मॅडम."

त्यांनी मला विचारलं, "हो का मावशी?"

मी रिपोर्टाचे कागद पिशवीत घालत होते. हो म्हटलं. इतक्या जुन्या गोष्टी परक्या बाईसमोर कशाला.

नाहीदबाई म्हणाल्या, मग डाव्याला शिकवायला वर्ष लागेल, तोवर उजव्यानंच करा, पण तासाला दहा मिनिटं काम बंद. ऑफिसात बासष्ट नकाशे सप्टेंबरअखेर द्यायचे आहेत. दहा मिनिटं बंद ठेवायला कोण देतं. येताना गाडीत खुशबू खिडकीकडे तोंड करून बसली. मी दोनदा काही विचारलं, तिनं "हूं" म्हटलं.

तू तिला फोनवर हे विचारू नकोस. तिला आवडणार नाही.

घरी सांग.

तुझी आई


माजरी, दि. ३० सप्टेंबर २०२४

चि. राजदीप यास,

तुझं पत्र २७ तारखेला मिळालं. वर तारीख ९ ऑगस्टची आहे. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तीन ओळी आहेत. आत्तापर्यंत पाठ झाल्या.

"आई, चूक नव्हती. डाव्या हाताचाच मागवला होता. बुधरीनं विचारलं, तुमच्या बहिणीचा पहिला हात कोणता, मी सांगितलं."

बायकोला सांगण्यासारखं तुला काय आठवतं? तू तेव्हा आठ वर्षांचा होतास. त्या काळी सगळ्याच घरांत मुलांना उजव्या हाताची सवय लावत. शाळेतही गुरुजी लावत. मी जगावेगळं काही केलं नाही. खुशबूचं अक्षर वर्गात पहिलं होतं, तिच्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. आयटीआयलाही तिच्या नकाशाला बक्षीस मिळालं, तो उजव्या हातानंच काढलेला होता. तू लांब बसून तीन वस्तू पाठवल्यास. तिला रोज पाहते ती मी.

कळवलं नाही असं व्हायला नको म्हणून कळवते. बासष्ट नकाशांपैकी एक्केचाळीस झाले. ११ तारखेला ऑफिसात तिची बोटं उघडेनात. साहेब वाईट नाहीत, पण काम त्यांनी दुसऱ्या मुलीला दिलं आणि हिला म्हणाले, बरी झालीस की ये. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. मनगटात नस दबली आहे, ऑपरेशन करायचं, ११ नोव्हेंबरला. ठणक जाईल म्हणतात. अंगठ्याची ताकद पूर्वीसारखी येईलच असं सांगता येत नाही, उशीर झाला म्हणतात. दोन-तीन महिने आधी तो हात थांबवायला पाहिजे होता.

खुशबूनं हे मला गाडीत सांगितलं. माझ्याकडे बघून नाही. समोरच्या बाकाकडे बघून.

आई


माजरी, दि. १७ ऑक्टोबर २०२४
अश्विन पौर्णिमा

प्रिय राजदीप आणि बुधरी,
दोघांना आशीर्वाद. जय भीम.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते फाडून टाका.

शनिवारची गोष्ट. खुशबूच्या उजव्या हाताला पट्टा आहे, त्यामुळे दहा-बारा दिवस ती चमच्यानं जेवते. मी वाढायची आणि विहारात वाचनाला जायची, म्हणून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून घरीच राहिले. पाहते तर ती ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला वाटलं पंख्याचा वारा लागतो. म्हटलं, "काऊन तिकडे तोंड करून जेवून राह्यली?"

ती म्हणाली, "डाव्या हातानं जेवतो ना, आई. तुले पाहवत नाई म्हणून."

बोलण्यात राग नव्हता. मीठ मागावं तशी म्हणाली. सत्तावीस वर्षांची मुलगी आहे. रोज जेवायला बसताना माझं तोंड कुठे आहे ते पाहून आपलं फिरवत होती.

तुझे बाबा समोर बसले होते. त्यांनी घास ताटात ठेवला आणि मला म्हणाले, "पाह्य आता." एवढंच.

आज वर्षावास संपला. आजच्या दिवशी भिक्खू एकमेकांपुढे बसून विचारतात, माझ्याकडून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तुम्हाला शंका असेल, तर सांगा. हे मी यंदा विहारात सगळ्यांना वाचून दाखवलं. वाचताना आवाज चांगला लागला होता. घरच्या बाईनं हे कोणाला विचारावं असं कुठे लिहिलेलं नाही. पण तुम्हाला विचारायचं तर आधी मीच सांगितलं पाहिजे, कारण तुम्हाला सगळं माहीत नाही.

खोकं उघडलं तेव्हा काय झालं ते मी खोटं लिहिलं. हात बसला नाही असं नव्हतं. खुशबूनं माउस बाहेर काढला आणि उजवा हात नाही, डावा हात आपोआप त्याच्यावर ठेवला. ठेवला कसला, तो गेलाच. बोटं बरोबर खोबणीत बसली. तिनं टेबलावर थोडा सरकवला आणि हसली. जानेवारीनंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "आई, पाह्य ना, याच्यानं काईच दुखत नाई."

आणि मी म्हटलं, हा चुकीचा आला आहे. तिच्या हातातून काढून घेतला. परत खोक्यात घातला. मी सांगितलं तशी तिनं फोनवर बदलीची नोंद केली. कारण काय ते विचारतात, तिथे तिनं लिहिलं, चुकीची वस्तू. तेही मला वाचून दाखवलं.

पैशाचं नव्हतं. दोन्हींची किंमत एकच होती. तिचा डावा हात पुढे आलेला पाहिला आणि माझं मन वीस-बावीस वर्षं मागे गेलं, त्या घाणेरड्या धसक्यापाशी.

ती पाच वर्षांची होती. विहारात फूल वाहायला तिनं डावा हात पुढे केला आणि मागच्या दोन बाया हसल्या. एक म्हणाली, "देवरावची पोरगी डावरी हाय वो, हिले बायको कोन करन?" तेवढंच. त्या बाया आता हयातही नाहीत. मी घरी आले आणि माझ्या पांढऱ्या लुगड्याचा, विहारात जायच्या लुगड्याचा, काठ फाडला आणि तिचा डावा हात कमरेशी बांधला. जेवताना आणि लिहिताना. वर्षभर. भंतेजींनी कधी सांगितलं नव्हतं. बाबासाहेबांच्या पुस्तकात कुठे नाही. मॅट्रिक झालेली मी, मला तेवढं वाचता येत होतं. वंदनेला दोन्ही हात सारखेच लागतात, हे रोज करत होते आणि दिसत नव्हतं.

मंगळवारी मी एकटीच पॅसेंजरनं नाहीदबाईंकडे गेले आणि खरं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "मावशी, जुलैत कळलं असतं तर बरं झालं असतं. आता तरी सुरू करू." ऑपरेशन होऊन उजवा हात उघडेपर्यंत डाव्या हातानं घरी रोज अर्धा तास. माउस डावा, आणि एल दाबला की रेघ, सी दाबला की गोल, असे हुकूम जे आजवर डावा हात द्यायचा ते पट्टा सुटल्यावर उजव्यानं द्यायचे, हलके हलके. ऑफिसचे साहेब म्हणाले आहेत, जानेवारीपर्यंत हात चालला तर घरून करायला थोडे नकाशे देईन. नाहीतर दुसरी मुलगी कायम होईल.

हे सगळं मी खुशबूला सांगितलं. तिनं आपला डावा हात मांडीवर उलटा करून पाहिला. म्हणाली, "त्याले आता काई येत नाई, आई. लई दिवस झाले."

काल दुपारी मी डाव्या हातानं माझं नाव लिहून पाहिलं. ठमा. दोनच अक्षरं. पाव तास लागला आणि मानेपर्यंत घाम आला. पाच वर्षांच्या मुलीला मी पूर्ण बाराखडी लिहायला लावली होती, आणि चुकली की परत.

बुधरी, तुला मी पहिल्यांदाच लिहिते आहे. लग्नाच्या वेळी मी तुला, आदिवासी म्हणून, जंगली म्हटलं. तू समोर नव्हतीस, राजदीप होता. तो ताटावरून उठला तो अजून घरी जेवला नाही. माझा आजा छप्पन साली बाबासाहेबांच्या दीक्षेला पायी चंद्रपूरला गेला होता, माणूस म्हणून उभं राहायला. त्याच्या नातीच्या तोंडून हा शब्द निघाला. तू भामरागडच्या दवाखान्यात नर्स आहेस, शंभर लोकांचे हात धरत असशील. मी जे माझ्या मुलीला कधी विचारलं नाही ते तू तिला न पाहता विचारलंस. मी माफी मागते. तू द्यावी असं माझं म्हणणं नाही.

आता कामाचं. तसा डावा माउस मी खुशबूच्या फोनवर शोधला. दिसतात ते संपले असं येतं, आणि बदलीची जुनी नोंद आता तिथे दिसत नाही. चंद्रपूरच्या तीन दुकानांत विचारलं, त्यांच्याकडे सगळे उजवेच. एक जण म्हणाला, डाव्या हाताचं कोण घेतं बाई. बिल मी बदलीच्या वेळी त्या माणसाला देऊन टाकलं होतं. माझ्या वहीत फक्त "उभा माउस, एक नग" एवढंच आहे. बदलून आला तो दुसऱ्या कंपनीचा आहे, पहिल्या कंपनीचं नाव मी टिपलं नाही, कारण ती वस्तू ठेवायचीच नव्हती. राजदीप, तुझ्याकडे नोंद असेल तर नाव आणि नंबर कळव. ऑपरेशनच्या आधी तिच्या हातात यायला पाहिजे. रस्ता सुरू झाला असेल आणि तुम्ही दोघं ११ नोव्हेंबरला येऊ शकत असाल, तर या. माजरीचं घर तिथेच आहे.

आणखी एक विचारायचं आहे, ते खुशबूला विचारायची माझी हिंमत नाही.

त्या वर्षी मी संध्याकाळी विहारात गेले की तू तिच्या हाताची गाठ सोडायचास आणि मी यायच्या आत परत बांधायचास. तुला वाटायचं मला कळत नाही. तुझी गाठ वेगळी पडायची, उलटी. मला रोज कळायचं. ती सोडून परत माझी बांधायचे, आणखी घट्ट.

तो जो अर्धा-पाऊण तास तिचा हात मोकळा असायचा, त्यात ती त्या हातानं काय करायची? चित्रं काढायची का? कशाची? तू तिथे होतास, मी कधी पाहिलं नाही. तिला आता सुरुवात कुठून करायची ते नाहीदबाईंना सांगायचं आहे, आणि मलाही माहीत पाहिजे.

उलट टपाली कळव.

तुमची आई,
ठमा